लाखेवरचा अंगठा

१

पिंप भरलेलं होतं, बुचावरची लाख शाबूत होती, आणि आतली बिअर खोटी होती.

यातलं तिसरं मी म्हणालो. मुकाट्याने गिळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, पण गिळायची मला सवय नाही. चहा-कॉफीच्या कंपनीत मी जन्मभर चव बघायची नोकरी केली. घोट घ्यायचा, थुंकायचा, मत द्यायचं. थुंकण्याचा पगार घेऊन वर पेन्शन खाणारी माणसं जगात फार नसावीत. निवृत्त झाल्यावर थुंकणं सुटलं, मत देणं सुटलं नाही. बायको गेल्यापासून मी फ्रिजला मतं देतो. तो मधूनमधून घुरघुरतो. तेवढ्या संभाषणावर दिवस निघतो.

पिंप दादांचं होतं. दादा म्हणजे माझे मित्र, आणि या छोट्याशा ब्रुअरीचे मालक. दर गुरुवारी आम्ही दोघं तळघरात बसून एकेका पिंपाची चव बघायचो. पिंपाच्या पुढच्या फळीत वरच्या अंगाला एक बारीक खिळा असतो. तो उपसला की बिअरची चिळकांडी उडते. ती ग्लासात धरायची आणि खिळा परत ठोकायचा. मग मी म्हणायचो, "अजून कच्ची आहे," आणि दादा म्हणायचे, "तुम्हीच पिकलात." वर्षानुवर्षं हाच विनोद. दादा गेले आणि गुरुवार उरले.

जाण्याआधी त्यांनी एक शेवटची इम्पीरियल स्टाऊट केली होती. काळीकुट्ट, दाट, डोक्यात हळूहळू चढणारी. तिच्यात मलमलच्या पिशवीतून कॉफीच्या अख्ख्या बिया एक दिवस बुडवल्या, काढल्या, बूच ठोकलं, वर गरम लाख ओतली आणि त्या लाखेत स्वतःचा अंगठा दाबला. "वर्षभराने उघडा," म्हणाले. ते वर्ष त्या शनिवारी दुपारी भरलं.

वर ऑफिसात वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, थर्मासमधून सगळ्यांना कॉफी दिली. चव बघण्याआधी मी कॉफी घेत नाही, म्हणून माझा कप बशीने झाकून ठेवला.

"तुम्ही नाही येत खाली?" मी विचारलं.

"कुठले गुडघे, भावजी! त्या पायऱ्या माझ्याच्याने होत नाहीत. तुम्हीच काय ते बघा," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

खाली आम्ही पाच जण होतो. दादांची मुलगी, जिला सगळी ब्रुअरी ताई म्हणते. तिचा नवरा, जावईबापू. शेजारचा कॉफी भाजणारा कोळसा. हे नाव त्याला त्याच्या भाजणीवरून पडलं आहे. मी. आणि तळघर सांभाळणारा थंडोबा, जो बर्फासारखा गार आणि बर्फाइतकाच बोलका आहे. पिंपाजवळ एक बुटकं स्टूल होतं, त्यावर उशी. थंडोबा उभ्याने डुलक्या घेणारा माणूस, त्याला उशी कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं. मनात येऊन जाणाऱ्या गोष्टींना मी हल्ली थांबवत नाही.

ताईने लाखेवरच्या अंगठ्याला हात लावला आणि मग खालच्या तोटीतून ग्लास भरले. जावईबापूंनी ते ग्लास आधी बर्फात पुरून ठेवले होते.

मी हुंगलं. कॉफीचा घमघमाट. आत्ताच्या आत्ता केल्यासारखा.

आणि तिथेच चूक होती. बिअरमधली कॉफी ही पाहुणी असते. दोन-चार महिने गप्पा मारते आणि हळूहळू निघून जाते. वर्षभरानंतर तिची नुसती आठवण राहायला हवी. इथे तर पाहुणी दारात चपला काढत होती.

"ही वर्षाची नाही," मी म्हणालो. "ही दादांची नाही."

ताईचा ग्लास अर्ध्यावर थांबला. "मग बाबांची कुठे गेली?"

सगळ्यांनी थंडोबाच्या कमरेकडे पाहिलं. तळघराची एकच किल्ली होती, आणि ती तिथे लोंबत होती.

थंडोबाने ग्लास खाली ठेवला.

"सोमवारी किल्ली देतो, ताई," तो म्हणाला, आणि जिना चढून गेला.

२

"नाकारलंसुद्धा नाही!" जावईबापू वर ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. "काका, तुमच्या जिभेने चोर पकडला."

"जिभेने अजून बिअरसुद्धा नीट पकडलेली नाही," मी म्हणालो. "लाख तर मोडलेली नाही. बाहेर काढली कुठून?"

"खालच्या तोटीतून. पंप लावायचा, काढायची. पंप लावायचा, नवी भरायची. तो पंप थंडोबाशिवाय कोणाला चालवता येतो? मला तर त्याचं बटणसुद्धा माहीत नाही."

"हे खरं आहे," ताई म्हणाली. "यांना कुठल्याच बटणाचं माहीत नसतं."

जावईबापूंना स्टाऊट कडू लागते. त्यांना ब्रुअरीत संत्र्याच्या चवीची बिअर काढायची आहे, आणि त्या मार्गात थंडोबा आडवा उभा असतो. तोंडाने नाही म्हणत नाही, नुसता उभा असतो. तो गेला तर कोणाचं फावेल हे कळायला जीभ लागत नव्हती.

"ग्लास बर्फात का ठेवलेत?" मी विचारलं.

"बिअर आहे ना? थंडच पाहिजे!"

या उत्तरात लबाडी नव्हती. एवढं अज्ञान नाटकात जमत नाही.

ताई खिडकीपाशी गेली. "काका, मला त्या बिअरचं काही नाही. पण बाबांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. ते ज्याने नेलं त्याला मी सोमवारी या दारात उभं करणार नाही. आणि कुठल्या ब्रुअरीने विचारलं, तर का काढलं तेही सांगीन."

थंडोबाचं आयुष्य तळघरात गेलं होतं. वरच्या जगात त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि आता ओळखणार होते ते पिंपचोर म्हणून. माझ्या एका वाक्यावर. मत देणाऱ्या माणसाला हे दिवस कधीतरी बघावे लागतात.

"मला थोडी बाटलीत भरून दे," मी म्हणालो. "सोमवारपर्यंत मी अजून एकदा बघतो."

"आता काय बघणार?"

"मला रविवारी दुसरं काही काम नसतं, बाळा. सोमवारीही नसतं."

निघताना बशीखालचा माझा कप दिसला. पार गार झालेली कॉफी मी उभ्यानेच प्यायलो. तिच्यात मिठाची कणी होती. दादांना तशीच लागायची. ताईने नाक मुरडलं. "आई अजून तशीच करते. कोणाला आवडत नाही, कोणी बोलत नाही."

३

रविवारी सकाळी मी बाटली टेबलावर काढून ठेवली आणि विसरलो. दुपारी तिच्यावर ऊन आलं होतं.

कपाटातून चांगला ग्लास काढला. उजव्या दारातून. डाव्या दाराला मी हात लावत नाही. तिथे बायकोची शाल आहे. दार उघडलं की वास जातो, हे चव बघणाऱ्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

बिअर कोमट झाली होती. मी घोट घेतला, आणि गिळायचं विसरलो.

बर्फ जिभेला झोपवतो. काल तळघरात माझं नाक जागं होतं आणि जीभ घोरत होती. आता ती जागी झाली आणि एकेक गोष्ट सांगायला लागली. मनुका. जळका गूळ. ओलं लाकूड. जुन्या चामडी बॅगेत हात घातल्यावर येतो तसा वास. हे एका महिन्यात येत नाही. हे यायला वर्ष लागतं, आणि दादांचा हात लागतो.

बिअर दादांचीच होती.

कॉफी मात्र नवी होती. आणि या दोन्हींच्या खाली भिजलेल्या पुठ्ठ्याची फिकी चव. बिअरमध्ये हवा शिरली की ती अशी लागते. म्हणजे पिंप कुठून तरी उघडलं गेलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

अगदी शेवटी जिभेच्या कडेला आणखी काहीतरी होतं. ओळखीचं, पण नाव आठवेना. लग्नात भेटलेल्या नातेवाइकासारखं.

"ऐकतोस का?" मी फ्रिजला म्हणालो. "चोर काढून नेतो. इथे कोणीतरी घालून गेलंय."

फ्रिज घुरघुरला. पण ज्याने काही नेलंच नाही, तो माणूस नोकरी सोडून का निघाला होता?

४

कोळशाचं दुकान रविवारी बंद असतं आणि तो आत असतो. त्यालाही घरी कोणी नाही.

"तू घातलीस?" मी बाटली पुढे करत विचारलं.

"काय?"

"दादांच्या पिंपात. कॉफी."

"अरे, जिभेवर जन्म काढलास, थोडी लाज पण बाळग!" कोळसा तडकला. "मी पाण्याव्यतिरिक्त कशात कॉफी घालत नाही. पाणी घालतो तेही नाइलाजाने. दादाला बिया दिल्या, त्या मित्र म्हणून. नंतर रात्रभर झोप नव्हती मला."

त्याने बाटली हुंगली. मग डोळे मिटून पुन्हा हुंगली, आणि त्याचा चेहरा एखाद्याने त्याच्या पोराला मारल्यासारखा झाला.

"ही माझीच आहे. दादाची भाजणी. पण ही उकळलीय रे! माझ्या बिया दळून, कोणीतरी घरच्या पातेल्यात उकळल्यात!"

"दादांची भाजणी अजून करतोस?"

"बंदच करणार होतो. एकच गिऱ्हाईक राहिलंय. दर गुरुवारी पुडी नेतं."

"कोण?"

कोळसा जरा घुटमळला. "तुला वाईट वाटेल. थंडोबा."

५

थंडोबा तळघरात फरशी पुसत होता. दुसऱ्या दिवशी ज्या जागेतून हाकलणार, ती आदल्या दिवशी पुसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

"पुडी कोणासाठी नेतोस?" मी विचारलं.

"प्यायला."

"तू चहा पितोस. कॉफीने तुझं पित्त उसळतं. दादांच्या दहाव्याला कोळशाने आग्रह केला तेव्हा तू कप कुंडीत ओतलास, मी पाहिलंय."

"झाड मेलं ते," थंडोबा म्हणाला आणि पुसत राहिला.

मी उशीच्या स्टुलावर बसलो. बसल्यावर पिंपाचा खिळा बरोबर डोळ्यांसमोर आला. तो चकचकत होता. बाकीच्या पिंपांचे खिळे काळवंडलेले. खिळ्याखाली फळीवर तपकिरी ओघळ वाळला होता, आणि जमिनीपाशी तो पुसलेला होता. जिथवर थंडोबाचं फडकं जातं, तिथवर.

"हे बघ," मी म्हणालो, "कॉफी आत गेली ती या भोकातून. बूच काढून घालणं कितीतरी सोपं होतं. लाख काय, पुन्हा ओतता येते. पण अंगठा पुन्हा आणता येत नाही. चोराला अंगठ्याचं काय पडलंय? ज्याने घातली, त्याला तो अंगठा मोडवला नाही."

थंडोबाचं फडकं थांबलं.

"आणि घालणाऱ्याला बसायला उशी लागते. तुला लागत नाही. जावईबापूंना खाली यायला बर्फ लागतो. ताईला फुरसत नाही. कोळसा पातेल्यात कॉफी उकळण्याआधी जीव देईल." जिभेच्या कडेचा तो नातेवाईक आता जवळ येऊन उभा राहिला होता, आणि मला त्याचं नाव आठवलं. मीठ. "राहिलं कोण? गुडघे दुखतात म्हणून जिने उतरत नाही असं सांगणारं माणूस."

"उलट्या उतरतात," थंडोबा म्हणाला. "दोन्ही हातांनी कठडा धरून. मी खालच्या पायरीला उभा राहतो." मग माझ्याकडे न बघता, "त्यांनी सांगितलं होतं, ताईला बोलू नको. मी हो म्हणालो होतो."

"अरे, नोकरी जाईल तुझी!"

"हो म्हणालो होतो ना," थंडोबा म्हणाला.

६

वहिनींनी दार उघडलं, माझ्या हातातली बाटली पाहिली आणि काही न विचारता कॉफी ठेवली.

"कळलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"मिठामुळे."

"अगंबाई. ते तर हाताबरोबर पडतंच." कप पुढे ठेवून त्या समोर बसल्या. "तुमचे गुरुवार असायचे ना, भावजी, तेव्हा हे घरी आले की शर्टाला तो वास यायचा. कॉफी आणि लाकडाचा. शर्ट धुतले गेले. कोणी तरी आलं होतं मदतीला, तिने सगळेच धुतले. चांगल्या मनाने. मग मी थंडोबाला म्हटलं, मला खाली ने. खिळा काढायचा, बोटावर थेंब घ्यायचा, हुंगायचा. प्यायले नाही हं कधी."

"आणि वास जायला लागला."

"दर गुरुवारी थोडा थोडा. आधी वाटलं, मलाच सर्दी झालीय." त्यांनी ड्रॉवर उघडला आणि नळी लावलेली एक जाडी सिरिंज टेबलावर ठेवली. "शेवटी त्यांना घोट गिळता येत नव्हता. याने द्यायचे मी कॉफी, नाकातल्या नळीतून. चव लागायची नाही, तरी म्हणायचे, मीठ घातलंस ना? म्हटलं, त्यांना देत होते तशीच देऊ. थोडी बिअर ओढून घ्यायची, तेवढीच कॉफी आत. वास परत आला, भावजी. अगदी तसाच."

दर वेळी खिळा उपसल्यावर कॉफीच्या आधी काय आत जात होतं, ते मला ठाऊक होतं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बिघडली का?"

जन्मभर मत दिलं, पण इतकं छोटं मत इतकं जड कधी झालं नव्हतं.

"हवा लागली, वहिनी. नुसती ठेवली असती तर वास गेला असता, पण बिअर राहिली असती."

"असं," त्या म्हणाल्या. बराच वेळ सिरिंजची नळी गुंडाळत राहिल्या. "आणि हे कळल्यावर ताई काय म्हणाली?"

"ताईला कळलेलं नाही. तिला वाटतंय थंडोबाने चोरली. उद्या त्याला काढतेय."

वहिनी उभ्या राहिल्या. गुडघ्यांसकट, एका झटक्यात.

"आणि तो मेला काही बोलला नाही?"

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी सांगितलं म्हणून काय झालं! अक्कल नाही का त्याला!" आणि मग त्या खुर्चीत बसून रडल्या. दादांच्या वेळी रडल्या नव्हत्या तितक्या.

७

सोमवारी सकाळी थंडोबाने किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवली, आणि तिच्याशेजारी वहिनींनी सिरिंज ठेवली.

"मी घातली कॉफी," त्या म्हणाल्या. "याने फक्त दार उघडलं."

ताईने सगळं ऐकून घेतलं. "आई, अगं, बाबांची शेवटची होती ती. बिघडवलीस तू."

"हो."

"माझे बाबा होते ते."

"माझे पण कोणीतरी होते," वहिनी म्हणाल्या.

ताईने किल्ली उचलून थंडोबाच्या हातात दिली आणि तो हात जरा जास्त वेळ धरला. थंडोबाला काय करावं ते कळेना, म्हणून तो किल्लीकडे बघत राहिला.

"मी काय म्हणतो," जावईबापू म्हणाले, "खारी कॉफी म्हणून ही बाजारात..."

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतर प्रथमच त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

मग आम्ही शेजारून कोळशालाही बोलावलं आणि तळघरात उतरलो. वहिनी उलट्या, कठडा धरून. खालच्या पायरीला थंडोबा. ग्लास बर्फात नव्हते. ताईने पहिला ग्लास आईला दिला. वहिनींनी आयुष्यातला पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचार करून म्हणाल्या,

"मीठ कमी पडलंय."

पहिल्यांदा ताई हसली, मग कोळसा. पुढे कोण हसत होतं आणि कोण नव्हतं, ते तळघराच्या उजेडात दिसत नव्हतं.

"काका, तुमचं मत?" ताईने विचारलं.

पुठ्ठा, मनुका, मीठ, लाकूड आणि दादा. मी गिळलं आणि गप्प बसलो.

निघताना वहिनी म्हणाल्या, "गुरुवारी या, भावजी. कॉफी करीन."

"मिठाची?"

"मग कसली?"

घरी आलो. फ्रिज घुरघुरत होता, त्याला काही सांगावंसं वाटलं नाही. मी कपाटापाशी गेलो आणि इतक्या वर्षांनी डावं दार उघडलं. शाल होती तशीच होती, घडीवर घडी. उचलून नाकाशी धरली.

डांबराच्या गोळ्यांचा वास आला. शालीला कसर लागू नये म्हणून त्या मीच ठेवल्या होत्या.